लघुचित्र भेट आले, आता ते लॅमिनेट करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वास्तुशांत, साठीशांत, निवृत्ती अशा प्रसंगी स्वतःच्या हाताने काढलेले लघुचित्र भेट देणारे चित्रकार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता बरेच आहेत. घेणाऱ्याला आनंद होतो, चार लोकांना ते दाखवले जाते आणि आठ-पंधरा दिवसांत चित्र बाजारात पोहोचते. तिथून ते लॅमिनेट होऊन तरी येते, नाहीतर हार्डबोर्डावर सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटून तरी. एकदा तसे झाले की पुढे कोणाला काही करता येत नाही. हे काम करणारे आम्ही काही जण आहोत, कोणी चित्र काढणारे, कोणी माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकीचा जाड पुठ्ठा, कापणारे. मृग तोंडावर आल्यामुळे हे पत्र आताच छापून यावे, अशी विनंती.

बेळगावला के. बी. कुलकर्णी यांच्या पिढीने रुजवलेली व्यक्तिचित्रांची आणि निसर्गचित्रांची मोठी परंपरा आहे. त्यामुळे इथल्या फ्रेमवाल्यांचा हात तैलरंगाच्या कॅनव्हासवर आणि कारखान्यात तयार झालेल्या जाड कागदावर बसलेला. लघुचित्राचा कागद तसा नसतो. हातकागदाचे तीन-चार ताव खळीने एकमेकांवर चिकटवून वजनाखाली सावकाश वाळवतात, मग अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करतात. याला वसली म्हणतात. तिच्यावर गेरूने किंवा फिक्या काजळाने रेखाटन, त्यावर पांढऱ्याचे पातळ अस्तर, पुन्हा रेखाटन, मग सपाट रंगांचे थर. थर वाळले की चित्र काचेवर किंवा संगमरवरावर पालथे ठेवून पाठीकडून घोटायचे. हे दोन-तीनदा झाले की रंग कागदात बसतो. परदाज, म्हणजे केसासारख्या रेघांनी आणि ठिपक्यांनी दिलेली छाया, आणि सोन्याचे काम सगळ्यात शेवटी येते.

रंगाला धरून ठेवणारा असतो बाभळीचा डिंक. तैलरंग वाळला की पाण्याला दाद देत नाही, हा डिंक मात्र वाळून पन्नास वर्षे झाली तरी ओल्या बोटाने सुटतो. चित्रावर धूळ दिसली म्हणून ओले फडके फिरवले, की चेहऱ्याचे डोळे फडक्यावर येतात. डिंक कमी पडला असेल तर रंग भुकटीसारखा बोटाला लागतो. जास्त झाला असेल तर कागद जरा वाकताच रंगाला भेगा पडून कपच्या उडतात. म्हणून भेट हातात आली की चित्र टेबलावर सपाट ठेवावे, खोलीतला दिवा बंद करून एका बाजूने टॉर्चचा आडवा उजेड पाडावा. उचललेला रंग, भेगा, पोपडे त्यात लगेच दिसतात. बोट लावून तपासू नये. काही सैल दिसले तर काढणाऱ्याला तेव्हाच सांगावे. त्याच्याकडे तोच डिंक आणि तोच रंग असतो, दुसऱ्या कोणाकडे तो नसतो.

लॅमिनेशनबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो. यंत्राचे रूळ शंभर अंशांच्या वर तापलेले असतात. प्लास्टिकवरचा चिकट थर वितळून रंगाच्या प्रत्येक कणाला धरतो. पुढे प्लास्टिक सोलले तर रंग त्याच्याबरोबर सुटतो, सोलले नाही तर आत अडकलेली ओल वसलीचे ताव सुटे करते. रेशनकार्डाला जे चालते ते इथे चालत नाही.

दुसरे नुकसान कात्रीचे. लघुचित्राभोवती रंगीत पट्ट्यांची, कधी सोन्याच्या बुट्ट्यांची चौकट असते, तिला हाशिया म्हणतात. त्याच्याबाहेर थोडा कोरा कागदही असतो आणि बहुतेक वेळा सही तिथेच असते. तयार फ्रेम आठ बाय दहाची, चित्र जरासे मोठे, मग दुकानदार पट्टी लावून कडा कापतो. दुकान मराठी माणसाचे असो की कन्नड, ही सवय दोघांचीही सारखी! हाशिया हा चित्राचाच भाग आहे, तो कापला की चित्राचे प्रमाण बिघडते. फ्रेम चित्राच्या मापाने करायची असते, हे दुकानात आधीच सांगून ठेवावे.

मापाचे उदाहरण देतो. चित्र सहा बाय आठ इंच असेल तर माउंटची खिडकी सव्वासहा बाय सव्वाआठ कापावी, म्हणजे चारही बाजूंना आठवा भाग इंच मोकळा राहून पूर्ण कड दिसते. माउंट वर आणि बाजूंना दोन इंच, खाली अडीच. बाहेरचे माप होते सव्वादहा बाय पावणेतेरा. खाली अर्धा इंच जास्त ठेवला नाही तर चित्र घसरल्यासारखे दिसते. माउंटबोर्ड आम्लमुक्त मागावा. बेळगावात नाही मिळाला तर पुण्याहून मागवता येतो. साध्या बोर्डाचा गाभा काही वर्षांत पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा कापलेल्या कडेतून चित्राच्या कागदात उतरतो. पाठीमागच्या हार्डबोर्डाचेही तेच. तो वापरायचाच असेल तर चित्र आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये आम्लमुक्त बोर्ड हवाच.

आता चिकटवण्याचे. चित्र चारही बाजूंनी कधीच चिकटवायचे नाही. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याला हलायला जागा नसेल तर मध्ये लाटा उठतात आणि लाटेच्या माथ्यावरचा रंग आधी तडकतो. वरच्या कडेला पाठीमागून फक्त दोन कागदी बिजागऱ्या द्यायच्या, बाकी चित्र मोकळे लोंबते ठेवायचे. बिजागरी जपानी टिश्यूची किंवा नेपाळी लोकता कागदाची, एक इंच रुंद, दीड इंच लांब. तिचा पाव इंच भाग चित्राच्या पाठीला, उरलेला मागच्या बोर्डाला, आणि बोर्डावरच्या भागावर आडवी आणखी एक पट्टी. बिजागरीचा कागद वसलीपेक्षा कमजोर असला पाहिजे. फ्रेम पडली तर फाटायची ती बिजागरी, चित्र नव्हे. सेलोटेप, दुहेरी टेप, रबर सोल्युशन यांतले काहीच लावू नये. टेपचा चिकटा कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि तो पुढच्या बाजूला उमटतो.

बिजागरीला लागणारी खळ आपल्याकडच्या घरात आधीच तयार असते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो, तोच. जगभरची संग्रहालये कागदाच्या दुरुस्तीला गव्हाचे हेच सत्त्व वापरतात. मात्र मीठ-हिंग पडण्याआधी तो बाजूला काढावा, कारण मीठ हवेतली ओल ओढते. वरचे पाणी ओतून चीक उन्हात वाळवून ठेवला तर वर्षभर टिकतो. एक चमचा वाळलेला चीक पाच चमचे पाण्यात अर्धा तास भिजवायचा आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे सारखे ढवळत शिजवायचा. पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक झाला आणि पळी जड झाली, की उतरवायचा. पूर्ण गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा दाबून गाळायचा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने सायीइतपत सैल करायचा. पट्टीला खळीचा पातळ हात द्यावा, जादा ओल टिपकागदाने टिपावी, मगच पट्टी चित्राला लावावी. ओली पट्टी लावली तर तेवढ्याच जागी कागद सुरकुततो. वर टिपकागद आणि वजन तासभर. खळ दोन-तीन दिवसांत आंबते, वास येऊ लागला की टाकून द्यावी. मैदा थेट शिजवू नये. त्यातल्या चिकट भागामुळे ती खळ पिवळी पडते आणि किड्यांनाही ती फार आवडते. वसली करताना किडे येऊ नयेत म्हणून खळीत किंचित मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. तो काढणाऱ्याचा प्रांत. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. मोरचूद विषारी आहे आणि प्रमाण चुकले तर कागद ठिसूळ होतो.

काच आणि रंग यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर अंतर हवे. दोन माउंट एकावर एक घेऊन किंवा काचेच्या कडेने आतून पट्टी लावून ते मिळते. अंतर नसेल तर श्रावणात काचेच्या आतल्या बाजूला दव धरते, डिंक मऊ होतो आणि रंग काचेला चिकटतो. साधी काच चालेल. अतिनील किरण अडवणारी मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर चित्र उन्हात टांगू नये. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा मात्र नको. पुसताना त्याच्यावर स्थिर वीज तयार होते आणि सैल रंगाची भुकटी वर ओढली जाते. पाठीच्या फटी पाणी लावून चिकटणाऱ्या कागदी टेपने बंद कराव्यात आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या जाड चकत्या लावाव्यात. फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळली तर निम्मा त्रास कमी होतो.

हे सगळे सांगून झाल्यावर आमचे खरे मत असे, की लघुचित्र भिंतीवर लावलेच पाहिजे असे अजिबात नाही. शेजारच्या विजापुरात आदिलशाहीत जी चित्रे झाली ती पोथ्यांसाठी आणि चित्रसंग्रहांसाठी, हातात धरून वीतभर अंतरावरून पाहायची. १५७० सालचे ‘नुजूम-उल-उलूम’ हे विजापूरचे हस्तलिखित आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतले ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. साडेचारशे वर्षे झाली तरी अशा चित्रांचे रंग टिकतात, याचे एक मोठे कारण म्हणजे ती पुठ्ठ्यांच्या आत मिटून राहिली. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि उजेडाचे नुकसान साठत जाते. संग्रहालये अशा चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपासच उजेड ठेवतात, आपल्या बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. हळदीचा आणि केशराचा पिवळा, लाखेचा लाल आणि हलक्या प्रतीचे पोस्टर रंग सगळ्यात आधी उडतात. गेरू, काजळ आणि लाजवर्द, म्हणजे दगडाचा निळा, टिकतात. शिशाचा सफेदा आणि सिंदूर उडत नाहीत पण काळवंडतात, त्यांना गंधकाची हवा सोसत नाही.

तेव्हा चांगला पर्याय म्हणजे पुठ्ठ्याची घडी. सारख्या मापाचे दोन आम्लमुक्त बोर्ड कापडी पट्टीने एका बाजूला जोडायचे, मागच्या बोर्डावर बिजागऱ्यांनी चित्र, पुढच्या बोर्डात खिडकी. वर साधा आम्लमुक्त टिश्यू. गुळगुळीत बटरपेपर नको, दमट हवेत तो रंगाला चिकटतो. ही घडी दोनदा धुऊन खळ काढलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून आडवी ठेवायची. पोथीला बांधतो तो लाल कपडा वापरू नये, ओल लागली तर त्याचा रंग सुटतो. पाहुणे आले की काढावे, पाहावे, पुन्हा ठेवावे. चित्राची गुंडाळी करून नळीत घालू नये, परगावी न्यायचे झाले तरी दोन प्लायवुडच्या फळ्यांत सपाटच न्यावे.

ठेवायचे कुठे, हे गावावर ठरते. आपल्या एका जिल्ह्यात दोन हवामाने आहेत. कणकुंबी, जांबोटी, खानापूर पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात काहीच नीट वाळत नाही. हवेची आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरू लागते, तिथे ती कित्येक आठवडे त्याच्याही वर असते. पश्चिमेच्या भिंतीला झड लागते आणि ती आतून पाझरते, म्हणून चित्र आतल्या भिंतीवर लावावे. लोखंडी कपाटही बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, आणि सगळ्यात खालचा कप्पा टाळावा. कौलाखालचा माळा तर नकोच. बंद डब्यात चित्र ठेवणार असाल तर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्यांचा रंग पालटला की बदलाव्यात किंवा भाजून घ्याव्यात. मात्र हाच सल्ला अथणी, रायबागला लागू नाही. तिथे चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी होते की वसली वाळून धनुष्यासारखी वळते, कारण रंगाची बाजू आणि कोरी पाठ सारख्या वेगाने आकसत नाहीत. त्यात सिलिका जेल घातले तर भेगांना आमंत्रणच. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चित्राला मानवते. घड्याळासारखा छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवला तर अंदाजाने वागावे लागत नाही.

दसऱ्यानंतर गाद्या-कपड्यांना ऊन दाखवतो तसे चित्राला दाखवू नये. कोरड्या दिवशी, दुपारी अकरा ते तीनमध्ये, सावलीच्या खोलीत घडी उघडी ठेवावी. तेव्हा हवा दिवसातली सगळ्यात कोरडी असते. देवघरासमोरची भिंत मोकळी दिसते म्हणून चित्र तिथे लावतात. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर फटींतून आत जातो, तीच गत फोडणीच्या वाफेची.

निपाणी, संकेश्वरच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. साठवणीच्या तंबाखूत होणारा बारीक तांबूस भुंगा फक्त तंबाखूवर जगत नाही. वाळलेली मिरची, हळद आणि पुस्तकाच्या बांधणीतली खळही तो खातो, आणि वसली म्हणजे त्याच्यासाठी खळीचेच थर. ज्या घरात तंबाखूची किंवा मिरचीची पोती असतात, तिथे चित्र त्या खोलीत आणि तिच्या शेजारच्या खोलीतही नको. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर चित्र लगेच वेगळे करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि जाणकाराला दाखवावे. फवारा मारू नये. कसर असेल तर भोके दिसत नाहीत, वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा जातो. डांबराच्या गोळ्या चित्राजवळ ठेवू नयेत आणि कडुलिंबाचा पाला घडीत घालू नये, त्याचे डाग पडतात.

बुरशीची पांढरी-हिरवी लव दिसली तर पुसायला जाऊ नये. ओलसर असताना पुसले की ती रंगात घासली जाते. सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावे, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, अगदी मऊ ब्रशने कागदाच्या कोऱ्या भागावरून ती झटकावी. रंगावरची तशीच राहू द्यावी.

चित्रकार मित्रांनाही एक विनंती, आणि ती थोडी कडक आहे. भेट देताना सोबत चिठ्ठी द्या. वसली कोणती, रंग दगडाचे की ट्यूबचे की अ‍ॅक्रिलिक, डिंक बाभळीचा की दुसरा, सोने खऱ्या वर्खाचे की पितळी भुकटीचे. पितळी भुकटी काही वर्षांत तपकिरी-हिरवी होते, घेणाऱ्याला ते आधी माहीत असावे. हरताळ, हिंगूळ, शिशाचा सफेदा वापरला असेल तर तेही लिहा. यांत अनुक्रमे आर्सेनिक, पारा आणि शिसे असते आणि चित्र लहान मुलांच्या हाती जाऊ शकते. हरताळ शिशाच्या किंवा तांब्याच्या रंगाला लागून आला तर पुढे काळा पडतो, हे तर काढणाऱ्यानेच सांभाळायचे. जंगाल म्हणजे तांब्याचा हिरवा कागद जाळतो, त्याचा मोह आवरा. ब्रश मुंगसाच्या केसांचा नसावा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो विकणे आणि बाळगणे गुन्हा आहे. आता चांगले कृत्रिम केसांचे ब्रश मिळतात आणि परदाजलाही चालतात. नाव, वर्ष, विषय चित्राच्या पाठीवर लिहायचे तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

चित्र आधीच काचेला चिकटले असेल तर ते ओढून काढू नका आणि चाकू घालू नका. फ्रेमचे लाकूड सोडवून, काच आणि चित्र जसेच्या तसे, काच खाली येईल असे सपाट ठेवून जाणकाराकडे न्या. बेंगळुरूला इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचे कलासंवर्धन केंद्र आहे आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन विभाग आहे. दोन्ही ठिकाणी कागदावरच्या चित्रांचे काम होते. निघण्याआधी चित्राचे पुढून आणि पाठीमागून फोटो पाठवून विचारावे, कारण प्रवासातच सुटलेला रंग गळून पडतो.

कळावे,
आपले,
लघुचित्रे काढणारे आणि फ्रेम करणारे काही वाचक,
शहापूर, बेळगाव